वाऱ्यानं उभं राहतं, वेगानं कापलं जातं

बसून चालवायच्या लॉन मोवरच्या पोटाखालचं पातं मिनिटाला साधारण 3000 फेरे घेतं. पातं 21 इंची असेल तर त्याचं टोक तासाला 300 किलोमीटरच्या वेगानं धावत असतं. खंडाळ्याच्या घाटात इतक्या वेगानं काहीच धावत नाही. आणि हा एवढा वेग कशासाठी, तर लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्यापुढची चार बोटं वाढलेली हिरवळ कापायला!

पण त्या कामाला तो वेग लागतोच. मावळात दिवाळीच्या सुमारास इंद्रायणी भाताची कापणी चालते, तेव्हा बांधावर उभं राहून नीट बघा. डाव्या हातानं भाताची मूठ आवळून धरलेली असते आणि उजव्या हातातला विळा सावकाश ओढला जातो. विळ्याला घाई नसते, कारण ताटाला पळून जायला जागाच नसते. मोवरखालच्या गवताला असं कुणी धरलेलं नसतं. ते मोकळं, लवचीक, वाऱ्याची झुळूक आली तरी वाकणारं. मग ते पात्यापुढून मागे सरकत का नाही? सरकायला त्याला वेळच मिळत नाही. गवताच्या पात्याला जे काही हलकंसं वजन आहे, त्याचं जडत्वच क्षणभर त्याला जागेवर रोखतं, आणि तेवढ्यात लोखंड आरपार गेलेलं असतं. गवताचं स्वतःचं वजन हाच कापणाऱ्याचा डावा हात होतो! हे कळल्यापासून मला मोवरच्या आवाजाचासुद्धा त्रास होत नाही.

धरून कापण्याची यंत्रं आहेतच, आणि ती आधी आली. इंग्लंडात स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगनं 1830 साली पहिल्या लॉन मोवरचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीच्या यंत्रावरून त्याला ते सुचलं होतं. त्यात वळसेदार पात्यांचा रूळ फिरतो आणि खालच्या स्थिर पात्याशी गवत कातरलं जातं. द्रुतगती मार्गालगत, 2012 साली खुल्या झालेल्या गहुंज्याच्या स्टेडियमसारख्या क्रिकेटच्या मैदानाला जी अगदी बारीक, सपाट कापणी लागते, ती अशा रुळाचीच खासियत. बंगले, रिसॉर्ट, फार्महाऊस इथे मात्र राज्य आडव्या फिरत्या पात्याचं. हलकी, वेगवान इंजिनं विसाव्या शतकात आली, तेव्हाच त्याला चांगले दिवस आले.

या पात्याची दुसरी करामत धारेपेक्षाही मोठी आहे. पातं हातात घेऊन बघा. धार फक्त दोन्ही टोकांना, वीतभरसुद्धा नाही. धारेच्या मागची कड मात्र वर वाकवलेली असते. तो पंख. पातं फिरलं की हा पंख हवा वर ओढतो, डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाखाली, वारा उठतो, लोळलेलं गवत ताठ उभं राहतं आणि मग धारेला सापडतं. कापलेला चुराही तोच वारा बाहेर फेकतो. म्हणजे निम्मं काम पंख्याचं.

म्हणून बदलीचं पातं घेताना आधी पंखाची उंची पाहावी असं माझं मत आहे. मावळासारख्या मुलखात तर नक्कीच. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पुण्याच्या दिशेनं जेमतेम तीसेक किलोमीटर सरकून तळेगाव गाठलं की तो निम्म्याहूनही खाली. ओलं गवत जड, चिकट, एकमेकांत गुरफटलेलं. त्याला उचलायला उंच पंखाचं, हाय-लिफ्ट पातं हवं. इंजिनावर त्याचा भार जास्त पडतो, पण पावसाळ्यात पर्याय नाही. एप्रिलमध्ये तेच पातं मुरमाची धूळ उचलतं आणि ती धूळ पंखाला पॉलिश कागदासारखी घासत राहते. तेव्हा कमी पंखाचं पातं बरं. गवताचे पुन्हा पुन्हा तुकडे करून जागेवरच जिरवणारं मल्चिंगचं पातं कोरड्या दिवसांत छान चालतं. ओल्या गवतात त्याच्याखाली लगदा होतो. दोन जोड्या ठेवून ऋतूप्रमाणे बदलाव्यात, हे मी आग्रहानं सांगेन.

मापाचं सोपं आहे, पण तिथं सूट नाही. लांबी एका टोकाच्या धारेच्या कोपऱ्यापासून समोरच्या टोकाच्या धारेच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजायची. 42 इंची डेकखाली साधारण 21 इंचांची दोन पाती असतात आणि त्यांच्या वाटा मधोमध थोड्या एकमेकींवरून जातात. पातं थोडं आखूड पडलं की हिरवळीच्या मधोमध शेंडी उरते. मधलं भोकही जुळायला हवं: कुठे गोल, कुठे पाच, सहा किंवा सात टोकांची चांदणी. बसवताना पंख डेककडे, वर. उलटं बसवलेलं पातं गवताला वरून दाबत राहतं.

आता तोल. धार लावताना एका टोकाकडून दहा ग्रॅम लोखंड जास्त गेलं समजा. हातात दहा ग्रॅम जाणवणारही नाही. पण मधल्या बोल्टपासून पंचवीस सेंटिमीटरवर, मिनिटाला 3000 फेऱ्यांनी, तेच दहा ग्रॅम पातं फिरवणाऱ्या स्पिंडलला 25 किलोच्या वजनाइतक्या जोरानं ओढतात, आणि ओढण्याची दिशा सेकंदाला पन्नास पूर्ण फेरे घेते. बेअरिंग का जातं, बोल्ट का सैल होतो, सीटवर बसलेल्याच्या हाताला मुंग्या का येतात, सगळं त्या दहा ग्रॅममध्ये आहे. तपासायला भिंतीत एक खिळा पुरतो. पातं मधल्या भोकातून त्यावर अडकवायचं. जे टोक खाली झुकेल त्याच बाजूची धार थोडी आणखी घासायची. पातं काढण्याआधी इंजिन बंद, चावी बाहेर, स्पार्क प्लगची वायर सुटी, हातात जाड मोजे. यात सवलत घेऊ नये.

धार वस्तऱ्यासारखी नको. साधारण 30 अंशांचा उतार, बोटाला न कापणारी कड, एवढं पुरे. कापण्याचं काम वेग करतो. कारखान्याचाच उतार कायम ठेवून फक्त वरच्या बाजूनं घासायचं. ग्राइंडर एकाच जागी दाबून धरला की कड निळी पडते. तो निळा रंग म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापल्याची खूण. तिथलं पाणी उतरलं, ती कड पुढे लवकर बोथट होणार. कानस सावकाश चालते, पण तापवत नाही.

पातं मुद्दामच फार कडक केलेलं नसतं. कार्ला, भाजेची लेणी ज्यात कोरली तो काळा बेसाल्ट इथल्या बागांमध्येही जागोजाग डोकं वर काढतो. अशा दगडावर आपटलेलं पातं वाकायला हवं. काचेसारखं फुटलं तर तुकडा सुटलेल्या गोळीसारखा जाईल. म्हणूनच वाकलेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही, चिरलेलं वेल्डिंग करायचं नाही, आणि लोहाराकडून गाडीच्या पाट्याचं घडवून तर मुळीच आणायचं नाही. त्या पोलादाचा कोयता सुंदर होतो, पण कोयता मिनिटाला 3000 फेरे घेत नाही.

दगड नसला तरी झीज होतेच, आणि ती करतं खुद्द गवत. गवताची सगळी जात मातीतली सिलिका शोषून पानांत साठवते. भाताच्या काडात तर ती कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाते. वाळूतही सिलिकाच असते. मऊ हिरवं गवत पोलाद झिजवतं ते असं. साधारण वीस-पंचवीस तासांच्या कामानंतर धार बघावी. त्याआधीच हरळीचे शेंडे दुसऱ्या दिवशी पांढुरके, तंतू सुटल्यासारखे दिसले तर गवत कापलं गेलेलं नाही, फाटलेलं आहे. हरळी तरीही वाढते, कारण गवताची वाढ शेंड्यातून नाही, बुडातून होते. पण फाटलेल्या शेंड्यातून पाणी उडतं आणि पावसाळी दमटपणात बुरशीला आयतं दार मिळतं.

सगळ्यात धोक्याची जागा धारेची नाहीच. सपाट भाग जिथं पंखात वळतो, तिथली जाडी बोटांनी चाचपून पाहावी. धुळीचा वारा नेमका तिथंच घासतो. आधी पत्रा पातळ होतो, मग बारीक फट पडते, आणि एक दिवस पंख सुटून निघतो. ती जागा पातळ लागली, की धार कितीही चांगली असो, पातं भंगारात.