त्वरा आणि त्वरण

कचेरीतल्या कागदावर 'त्वरित कार्यवाही व्हावी' असा शेरा पडतो, त्यातील 'त्वरित' आणि पदार्थविज्ञानातील 'त्वरण' हे दोन्ही शब्द एकाच 'त्वर्' धातूपासून निघालेले असले, तरी पहिला केवळ घाई सुचवितो आणि दुसरा वेगात दर सेकंदाला होणाऱ्या बदलाचे माप सांगतो, हा भेद विद्यार्थ्याने आरंभीच ध्यानात घ्यावा. फारसीतून आलेला 'जलद' (संस्कृतातला मेघवाचक 'जलद' निराळा) हाही वेगाचाच शब्द, त्वरणाचा नव्हे. सरळ सडकेवर ताशी ६० किलोमीटर अशा एकाच वेगाने धावणाऱ्या एस.टी.चे त्वरण शून्य असते. उलट थांब्यावरून ती हलते त्या क्षणी, वेग अगदी अल्प असतानाही, उभ्या उतारूचा तोल मागे जातो आणि हात दांडीकडे धावतो, तेच त्वरणाचे खरे प्रत्यंतर होय. खोल विहिरीत सोडलेला दगड, हवेचा अवरोध वगळल्यास, पहिल्या सेकंदाअखेर सेकंदाला ९.८ मीटर आणि दुसऱ्याअखेर १९.६ मीटर वेग गाठतो. त्या पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर खाली येतो, तर दुसऱ्या सेकंदात त्याच्या तिप्पट, म्हणजे १४.७ मीटर.