घटना-श्रोता, जावा चौकटीतील
घटना-श्रोता, जावा चौकटीतील : जावा या संगणकीय भाषेत आज्ञांच्या नाव दिलेल्या संचास मेथड किंवा कार्यविधी म्हणतात. जो कार्यविधी थेट बोलावला न जाता, विशिष्ट घटना जाहीर होताच चौकटीकडून चालविला जातो, तो घटना-श्रोता होय. चौकट म्हणजे अनुप्रयोगाचा सांगाडा व नेहमीचा कारभार पुरविणारी तयार आज्ञावली. स्प्रिंग ही अशी एक प्रसिद्ध चौकट आहे.

२००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत ॲनोटेशन, म्हणजे ‘@’ या चिन्हाने आरंभ होणारी टीप, आली. स्प्रिंगमध्ये श्रोत्यासाठी पूर्वी ठराविक इंटरफेस पाळणारा वर्ग लिहावा लागे. २०१५ मधील ४·२ या आवृत्तीपासून चौकटीच्या ताब्यातील वस्तूच्या कार्यविधीवर ‘इव्हेंटलिसनर’ ही टीप लिहिली की पुरते.

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कराड येथे कृष्णेस मिळून पुढे सांगलीस पोहोचते. तेथील आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा-पातळी व ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. या खोऱ्यासाठी एखादी आज्ञावली कल्पिल्यास तिचा धरण-विभाग ‘विसर्ग वाढला’ ही घटना जाहीर करील आणि सांगलीतील पातळीचा अंदाज काढणारा व नदीकाठच्या रहिवाशांना लघुसंदेश धाडणारा असे दोन श्रोते ती ऐकतील. धरण-विभागास श्रोत्यांची नावेही ठाऊक नसतात. त्यामुळे नवा श्रोता जोडताना त्यास हात लावावा लागत नाही.

दस्तऐवजीकरणाची अडचण नेमकी येथेच उद्भवते. लघुसंदेशाचा कार्यविधी कोण बोलावतो, याचा शोध घेतल्यास संहितेत काहीच आढळत नाही. निरुपयोगी समजून तो काढून टाकल्यास संकलक चूक दाखवीत नाही, आणि सांगलीस संदेश मात्र जात नाही. जावाडॉक या साधनाने तयार केलेल्या संदर्भपृष्ठावर टीप उमटते खरी. परंतु घटना कोण जाहीर करतो व श्रोता अयशस्वी झाल्यास काय होते, हे लेखकानेच लिहावे लागते.

वेगळे सांगितले नसल्यास स्प्रिंगमधील श्रोते जाहीर करणाऱ्याच्याच धाग्यावर एकामागून एक चालतात. अंदाज काढणारा रेंगाळला तर धरण-विभागही खोळंबतो. त्यात अपवाद उद्भवल्यास तो धरण-विभागापर्यंत परत येतो व उरलेले श्रोते चालतच नाहीत. ‘असिंक’ ही टीप जोडून श्रोता वेगळ्या धाग्यावर नेता येतो, पण मग त्यातील अपवाद जाहीर करणाऱ्यास कळत नाही. श्रोत्याने परत केलेले मूल्य नवी घटना म्हणून जाहीर होते, ही गोष्ट नवख्यास हमखास चकविते.

‘ट्रँझॅक्शनलइव्हेंटलिसनर’ या टिपेचा श्रोता सामान्यतः विदागारातील व्यवहार कायम झाल्यावरच चालतो. व्यवहार सुरूच नसेल तर, तशी खास सूचना दिल्याखेरीज, मुळीच चालत नाही. रद्द झालेल्या नोंदीवरून लोकांना घरे सोडावयास सांगितले जाऊ नये, म्हणून लघुसंदेशास हाच प्रकार योग्य. मात्र हे कारण लिहून ठेवले नसल्यास पुढील देखभाल करणारा सोयीसाठी साधी टीप लावण्याचा संभव असतो. त्या कार्यविधीवरील निवेदन पुढीलप्रमाणे असावे : ‘धरण-विभागाने जाहीर केलेल्या विसर्गवाढीवर चालतो. नोंद कायम होण्यापूर्वी संदेश धाडीत नाही. व्यवहाराबाहेर जाहीर केलेली घटना यास ऐकू येत नाही. संदेश न गेल्यास पुन्हा प्रयत्न करीत नाही.’