अनोळखी लिपीतले पान

ब्राउझरमधली पानाचे भाषांतर करण्याची सोय हैदराबादेत विशेष कामाची ठरते. तेलंगणात तेलुगू ही राजभाषा, 2017 पासून उर्दू दुसरी, आणि कंपन्यांचा कारभार बहुतांशी इंग्रजीत. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे शहरात मराठी घरे जुनी आहेत. अशा घरांत तेलुगू कानाला सरावलेली असली, तरी लिपी वाचता येतेच असे नाही. सरकारी अर्जाचे पान समोर आले की अडते ते इथेच.

क्रोममध्ये पानावर माउसने उजवे क्लिक केले की भाषांतराचा पर्याय येतो. मोबाइलवर तो तीन ठिपक्यांच्या मेनूत असतो. कोणत्या भाषेत वाचायचे ते सेटिंग्जमधल्या भाषांच्या विभागात एकदा ठरवून ठेवावे, नाहीतर तेलुगू पान बहुधा इंग्रजीत उघडते. गूगलच्या भाषांतरसेवेत तेलुगू 2011 मध्ये आली, मराठी 2013 मध्ये. 2017 मध्ये दोन्हींना न्यूरल पद्धत लागू झाली आणि तुटक शब्दांच्या जागी सलग वाक्ये दिसू लागली.

या कामाला हैदराबादेत त्याआधीचा इतिहास आहे. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेला ‘अनुसारक’ प्रकल्प पुढे हैदराबाद विद्यापीठात आणि 1998 मध्ये स्थापन झालेल्या आयआयआयटीत वाढला. राजीव संगल आणि विनीत चैतन्य यांच्या गटाने पाणिनीय व्याकरणाच्या आधारे तेलुगू, कन्नड, मराठी, बंगाली आणि पंजाबी मजकूर हिंदीतून वाचता येईल अशी व्यवस्था केली. हिंदी बोजड झाली तरी चालेल, मुळातले काही गळू नये, हा तिचा दंडक होता. आजचा ब्राउझर नेमके उलटे करतो. त्याचे वाक्य गुळगुळीत असते, म्हणून त्यातली चूक डोळ्यांत खुपत नाही.

उदाहरणार्थ, तेलुगूत ऐकणाऱ्याला धरून ‘मनम्’ म्हणतात, त्याला वगळून ‘मेमु’. मराठीतही ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद आहेच. मात्र भाषांतर इंग्रजीच्या वाटेने आले, तर दोन्हींचा एकच ‘वी’ होतो आणि शुल्क नक्की कोणी भरायचे याचा घोळ उरतो. विशेषनामांचेही कधीकधी भाषांतर होऊन बसते. नाव, तारीख आणि रक्कम मूळ पानावर ताडून पाहावी. मूळ मजकूर परत दाखवण्याची सोय तिथेच असते.

स्कॅन केलेल्या आदेशातली अक्षरे ब्राउझरच्या लेखी निव्वळ चित्र असतात. पानाच्या भाषांतरात ती जशीच्या तशी राहतात. क्रोममध्ये त्यांच्यासाठी गूगल लेन्स वापरावे लागते. आणखी एक सावधगिरी: क्रोम पानाचा मजकूर भाषांतरासाठी कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. फायरफॉक्सने 2023 मध्ये आणलेले भाषांतर संगणकावरच होते, पण त्यात सुरुवातीला भाषा मोजक्याच होत्या. बँकेच्या खात्याचे पान क्रोममध्ये भाषांतरित न केलेलेच बरे.

भाषांतराखेरीज ब्राउझरच्या इतर सोयीही कामी येतात. पानात शब्द शोधायला कंट्रोल आणि एफ पुरते, मात्र मराठी शब्द मजकुरात युनिकोडमध्ये असला पाहिजे. जुन्या फॉन्टांत केलेल्या मराठी पीडीएफमध्ये डोळ्यांना दिसणारा शब्दही शोधात सापडत नाही, कारण त्यामागची सांकेतिक अक्षरे वेगळीच असतात. बारीक अक्षरांसाठी कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबावे. वाढवलेला आकार ब्राउझर त्या संकेतस्थळापुरता लक्षात ठेवतो. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबल्यावर परत येतो.

सरकारी अर्ज भरून देणाऱ्या ‘मी सेवा’ केंद्राशेजारच्या दुकानात किंवा नेट कॅफेत दुसऱ्याच्या संगणकावर अर्ज भरायचा, तर क्रोमची पाहुण्यांसाठीची खिडकी उघडावी. तिच्यात मालकाचे बुकमार्क आणि पासवर्ड दिसत नाहीत, आणि ती बंद केली की भरणाऱ्याचा इतिहास व लॉगिन पुसले जातात. उतरवून घेतलेली पावती मात्र डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. ती हाताने काढून टाकावी आणि रिसायकल बिनही रिकामा करावा.