मोहाडी तालुक्याची कहाणी : स्टेशन भंडाऱ्याचं, गाव मोहाडीचं

मागच्या आठवड्यात आपण आंधळगावला कोष्ट्यांच्या मागांपाशी होतो. आज मोहाडीहून भंडाऱ्याच्या रस्त्याला लागू आणि साधारण निम्म्या वाटेवर वरठीला थांबू. महसुली नकाशात हे मोहाडी तालुक्यातलं गाव. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीतून पाहणाऱ्याला मात्र इथल्या फलाटावर पाटी दिसते ‘भंडारा रोड’ची.

रेल्वेआधीच्या वरठीबद्दल वेगळं सांगण्यासारखं थोडंच. देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांकडे आला, १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि इंग्रज आले. वरच्या सत्ता बदलल्या, धानाच्या बांध्या तशाच राहिल्या. मान होता तो भंडाऱ्याला. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना हमरस्ता तिथे वैनगंगा ओलांडून लाखनी, साकोलीकडे जातो. १८२०च्या सुमारास जिल्ह्याचं ठाणं कामठ्याहून हलवलं तेही भंडाऱ्यालाच.

मग रूळ आले आणि त्यांनी हमरस्त्याची सोबत सोडली. १८८०च्या आगेमागे सरकारने नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधायला घेतली. रूळ मीटरगेज होते आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळांची आठवण ताजी होती. छत्तीसगडातलं धान्य बाहेर काढायचं, हा मोठा हेतू. हमरस्ता पूर्वेला गेला. रूळ कन्हान ओलांडून खात, वरठी, कोका, देव्हाडी असे ईशान्येला निघाले आणि वैनगंगा त्यांनी देव्हाडीच्या पुढे गाठली. दोघांची पुन्हा गाठ पडते थेट राजनांदगावला! या फाटाफुटीत जिल्ह्याचं ठिकाण बाजूला पडलं आणि शेजारचं खेडं मार्गावर आलं. तुमसरचंही तेच झालं. मुख्य मार्गावरचं त्याचं ‘तुमसर रोड’ स्टेशन देव्हाडीला आहे.

१८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला आणि पूर्वेकडे वाढवत नेला. एकोणिसावं शतक सरताना थेट हावड्याशी जोडणी झाली. आता भंडाऱ्याच्या कचेरीत कुणी यायचं असो की जायचं, वरठी चुकत नव्हती. स्टेशन ते शहर हा तुकडा बंडी, दमणी, पुढे टांगा आणि मोटार यांच्या भरवशावर. आजही रात्री उशिराच्या गाडीने उतरणाऱ्याला या दहाएक किलोमीटरचं गणित आधीच मांडून ठेवावं लागतं. जिल्ह्याच्या शहराने दीडशे वर्षांच्या आसपास असं गावाबाहेर उतरत राहावं, याची चीड भंडारेकरांपेक्षा पाहुण्यांनाच जास्त येते, असा माझा अंदाज आहे. भंडारेकरांना सवय झाली आहे.

वरठीला सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याचं गाव म्हणतात, तेव्हा मला जरा थांबावंसं वाटतं. कारखाना आला १९८०च्या दशकात, म्हणजे रेल्वेनंतर शंभरेक वर्षांनी. वरठीत ना कोळशाची खाण, ना लोहखनिजाची. जड कच्चा माल आणायचा, तयार पोलाद मोटारगाड्या बनवणाऱ्यांकडे पाठवायचं, तर मालगाडीसारखी सोय नाही. रूळ होते म्हणून कारखान्याचं जमलं. त्याआधी, १९६०च्या दशकात, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना उभा राहिला, त्याच्यासाठीही रुळांचा फाटा काढला तो याच स्टेशनातून. कारखान्यामागोमाग कामगारांच्या खोल्या, खानावळी, दुकानं आली आणि धानाचं गाव पगाराच्या तारखेवर चालू लागलं.

कारभाराची गंमत वेगळीच. जिल्हा आधी मध्यप्रांतात, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९९९ मध्ये त्यातून गोंदिया वेगळा झाला, वरठी भंडाऱ्यातच राहिली. रेल्वेच्या खात्यात मात्र तिचा प्रवास उलट्या दिशेचा. बंगाल-नागपूर रेल्वे सरकारजमा झाली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, मुख्यालय कलकत्ताच. २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे आहे, विभाग नागपूरचा आणि मुख्यालय बिलासपूरचं. म्हणजे सातबारासाठी मोहाडी, बाजाराला आणि कॉलेजला भंडारा आणि एखाद्या गाडीला थांबा हवा असेल तर निवेदनाचा कागद छत्तीसगडात.

पुढच्या आठवड्यात : मोहाडीची चौंडेश्वरी.