उपचारांचे बिल कोणी भरायचे, आणि कशाचे?

राज्यातल्या प्रत्येकाच्या उपचारांचा खर्च समाजाने मिळून उचलायचा, तर त्याचे मार्ग मोजकेच आहेत. सरकारने करांतून स्वतः दवाखाने चालवावेत. कामगार आणि मालकांनी दरमहा वर्गणी भरावी. सरकारने विमा कंपनीला हप्ता द्यावा. किंवा कंपनीला मध्ये न घेता रुग्णालयाचे बिल थेट चुकते करावे. महाराष्ट्रात हे चारही मार्ग एकाच वेळी वापरात आहेत. ते कुठे पुरतात आणि कुठे अपुरे पडतात, हे अहिल्यानगर जिल्ह्यात चांगले दिसते.

विम्याच्या मार्गाची मोठी सुरुवात 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने झाली. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत तेव्हाचा अहमदनगर नव्हता. नोव्हेंबर 2013 मध्ये योजना राज्यभर गेली तेव्हा तो तिच्यात आला. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख, आणि सरकारने कंपनीला द्यायचा हप्ता कुटुंबामागे 333 रुपये, असा तो हिशेब होता. 2017 मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. राज्यातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला. त्या यादीत बीड होता, अहमदनगर नव्हता. त्यामुळे आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून मिळणारा उपचार शेजारच्या जामखेडमधल्या तशाच कोरडवाहू शेतकऱ्याला, कार्ड पांढरे असले तर, मिळत नसे. दुष्काळ जिल्ह्याची हद्द पाहत नाही. यादीला मात्र ती पाहावीच लागते. पात्रतेच्या याद्यांवर चालणाऱ्या प्रत्येक योजनेत ही अडचण येते.

केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 मध्ये आली आणि 1 एप्रिल 2020 पासून राज्याच्या योजनेशी जोडली गेली. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने कार्डाच्या रंगाची अट काढली, संरक्षण पाच लाखांवर नेले, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख केली आणि उपचारांची संख्या 1356 केली. हे 1 जुलै 2024 पासून लागू झाले. त्याआधीच, 15 ऑगस्ट 2023 पासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार सर्वांसाठी निःशुल्क झाले होते. कागदोपत्री तरी आता कोणीही बाहेर राहिलेले नाही.

योजनेतल्या रुग्णालयात रुग्णाला आधी आरोग्यमित्र भेटतो. तो कागदपत्रे पाहून नोंद करतो, रुग्णालय पूर्वमंजुरी मागते, उपचार ठरलेल्या पॅकेजच्या दरात होतो आणि दावा नंतर पाठवला जातो. दर कमी आणि पैसे उशिरा, ही खासगी रुग्णालयांची जुनी तक्रार आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांची लोणी आणि विळद घाट इथली मोठी रुग्णालये खासगी संस्थांची आहेत. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी सरकारला अशाच ठिकाणांहून सेवा विकत घ्यावी लागते.

पैसे विमा कंपनीमार्फत द्यायचे की थेट, हा वाद इथेच येतो. कंपनीमुळे वर्षाचा खर्च आधीच ठरतो आणि दाव्यांची छाननी तिच्याकडे जाते. पण दावा नाकारण्यात तिचा फायदा असतो. थेट पद्धतीत, म्हणजे हमी पद्धतीत, तो दलाल नसतो. मात्र खर्च वाढला की तिजोरीला झळ बसते आणि खोटी बिले पकडायला सरकारकडे स्वतःचे कसबी मनुष्यबळ लागते. कर्नाटकाने विश्वस्त संस्थेमार्फत हमीचा मार्ग धरला. महाराष्ट्राने 2020 नंतर मिश्रण केले: दीड लाखांपर्यंतचा भार कंपनीवर, केंद्राच्या लाभार्थ्यांचा त्यावरचा खर्च राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे. तेव्हा कुटुंबामागचा हप्ता 797 रुपये होता. नियोजन आयोगाने नेमलेल्या डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञगटाने तर 2011 मध्येच सांगितले होते की सेवा विकत घेताना विमा कंपन्यांना मध्ये आणू नये.

वर्गणीचा मार्ग म्हणजे कामगार राज्य विमा. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के, मालकाकडून 3.25 टक्के आणि पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो चालतो. पण 1948 च्या मूळ कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी उद्योगांच्या व्याख्येत साखरेचे नाव आहे. राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या जिल्ह्यातल्या प्रवरानगरात झाली, त्या जिल्ह्यासाठी ही पळवाट लहान नाही. पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन निघणारा ऊसतोड मजूर तर मुकादमाच्या उचलीवर काम करतो. त्याच्या पगाराची नोंदच नसते, मग वर्गणी कापणार कशातून?

या सगळ्यात एक प्रश्न मागे पडतो. योजना पैसे भरते ते मुख्यतः दाखल रुग्णाच्या ठरावीक उपचारांचे. घरातला पैसा मात्र बराचसा बाह्यरुग्ण तपासणीत आणि औषधांत जातो: रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, साखरेची तपासणी, पोराचा ताप. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातून अहिल्यानगर शहर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. परतीचे भाडे पॅकेजमध्ये धरलेले असते. जाण्याचे भाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी धरलेली नसते.

दुसरे टोकही याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना शिकवून त्यांनी बाळंतपण, पोषण आणि स्वच्छ पाण्याचे काम सोपवले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या गावांतला बालमृत्युदर 1971 मधल्या हजारी 176 वरून शतकाअखेर तीसच्या आत आला. शस्त्रक्रियांच्या पॅकेजमध्ये या कामाला दरच लावता येत नाही, कारण टळलेल्या आजाराचा दावा दाखल होत नाही.

अशा कामाचे पैसे माणशी ठोक रकमेने देता येतात. थायलंडने 2002 मध्ये हेच केले: योजनेतला प्रत्येक नागरिक जवळच्या केंद्राच्या नोंदवहीत, आणि त्या केंद्राला डोक्यामागे ठरलेली रक्कम. लोक कमी आजारी पडले तरी केंद्राचे उत्पन्न घटत नाही. धोका उलट बाजूने आहे. रक्कम हातात आल्यावर तपासणीच टाळण्याचा मोह होतो, म्हणून देखरेख लागते. महाराष्ट्रात त्यासाठीचा सांगाडा आहे. 30,000 लोकांमागे, आदिवासी भागात 20,000 लोकांमागे, एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण ठरलेले आहे. त्याखाली उपकेंद्रे आणि गावात आशा सेविका. माणशी रक्कम द्यायची, तर कुटुंबांची नोंद या केंद्रांत करणे, डॉक्टरांची पदे भरणे आणि औषधे वेळेवर पोचवणे ही तीन कामे आधी करावी लागतात. विमा घ्या की हमी, त्यांवाचून दोन्हींचा बोजा रुग्णालयाच्या बिलांवरच पडत राहतो.