स्नायु, वीज आणि प्राणवायु

दोन वर्षांपूर्वीं माझ्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढें मांडी वाळूं लागली, तेव्हां व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनीं तिच्यावर दोन चिकट पट्ट्या लावून विजेचें यंत्र जोडलें. मांडी आपोआप आवळे व सैल पडे. काम यंत्राचें, आपण स्वस्थ पडून वर्तमानपत्र वाचावें, असें मीं ठरविलें. बाईंनीं वर्तमानपत्र काढून घेतलें. "सर, यंत्राबरोबर तुम्हींही मांडी आवळायची," असें त्या म्हणाल्या. मला तो जुलूम वाटला. त्याचें कारण मागाहून समजलें, तें आज सांगतों.

विजेनें स्नायु आखडतो हें नवें नव्हे. इटलींतील गॅल्व्हानीनें बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग १७९१ सालींच प्रसिद्ध केले. परंतु आखडणें म्हणजे खर्च. स्नायूचें इंधन साखर व चरबी. तें पुरतें जाळण्यास प्राणवायु हवा. प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटास सुमारें पाव लिटर प्राणवायु वापरतो. भराभर जिना चढतांना तो कित्येक पटींनीं वाढतो. पुरवठा अपुरा पडला कीं स्नायु साखर अर्धवट मोडून वेळ निभावतो व दुग्धाम्ल सांठतें. हिल व मायरहॉफ यांना १९२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तें स्नायूच्या याच जमाखर्चावरील संशोधनाबद्दल.

आतां मनाची आज्ञा व यंत्राचा झटका यांत भेद काय? पालखीचे भोई आठवा. मेंदूनें आज्ञा दिली म्हणजे स्नायूंतील सगळेच तंतु एकदम धांवत नाहींत. आधीं संथ व काटकसरी तंतु येतात. भार वाढला तर जलद पण उधळे तंतु मागाहून येतात, आणि ते आळीपाळीनें खांदा देतात. यंत्राला ही निवड नाहीं. पट्टीजवळचे तेच तंतु, संथ-जलद न पाहतां, एका तालांत पुनःपुन्हां राबविले जातात. म्हणून तेवढ्याच जोरासाठीं प्राणवायु अधिक लागतो, दुग्धाम्ल अधिक सांठतें व थकवा लौकर येतो. शिवाय आखडलेला स्नायु आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. ऐन गरजेच्या वेळीं पुरवठा तुटतो. माझ्या यंत्रांत दहा सेकंद झटका व पन्नास सेकंद विसांवा असा क्रम होता. तो विसांवा मला वेळेचा अपव्यय वाटे. वास्तविक त्यांतच रक्त येऊन देणें फेडीत असे.

मग यंत्र हवेंच कशाला? शस्त्रक्रियेनंतर सुजलेल्या गुडघ्यामुळें मांडीस मेंदूची आज्ञा पुरती पोंचत नाहीं. यंत्र कांहीं भोई बळेंच उभे करी. मीं जोर लावला म्हणजे उरलेल्यांपैकीं आणखी कांहीं येत.

मज्जारज्जूस इजा होऊन ज्यांचे पाय लुळे पडले, त्यांच्याकडून विजेच्या साह्यानें सायकल चालवून घेतात. निरोगी माणूस सायकलीवर खर्चिलेल्या शक्तीचा पंचमांश ते चतुर्थांश भाग कामांत उतरवितो. यांचा पुष्कळदां दशांशही उतरत नाहीं. पण तेथें हृदयास व फुप्फुसांस कष्ट मिळावेत हाच हेतु असतो, तेव्हां हा तोटाच नफा ठरतो.

पोटाला पट्टा बांधून बसल्याजागीं चरबी उतरविण्याच्या जाहिराती मात्र निराळ्या. पोटाच्या थोड्या स्नायूंचा प्राणवायु तो किती! आमच्या ठाण्याच्या मासुंदा तलावाला पायीं एक फेरी घातली तरी त्याहून अधिक लागेल. दुखणें शमविण्यासाठीं लावतात ती मुंग्या आणणारी सौम्य वीजही वेगळी. तिनें स्नायु सहसा आखडतच नाहीं, मग बळ कोठून येणार? ज्यांच्या छातींत पेसमेकर आहे, त्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्यावांचून असल्या यंत्रास हात लावूं नये.

सहाव्या आठवड्यांत बाईंनीं पट्ट्या काढल्या व जिन्याकडे बोट दाखविलें. पहिल्या दिवशीं नवव्या पायरीवर मला कठडा धरून श्वास घ्यावा लागला.