कळप आपला, मेंढपाळ कुणाचा?

यवतमाळ म्हटले की कापूस आठवतो. पण हेच गाव तीस वर्षे देशभरातल्या ख्रिस्ती धर्मसेवकांची शाळा होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. १९५३ मध्ये येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. नाना प्रांतांचे विद्यार्थी येथे धर्मशास्त्र शिकले. आरंभी सूत्रे परदेशी मिशनऱ्यांच्या हाती होती. सत्तरच्या दशकात डॉ. सफीर अथियाल यांच्या रूपाने संस्थेला भारतीय प्राचार्य लाभले. तोवर देश स्वतंत्र होऊन दोन तपे उलटली होती!

एवढा उशीर का? मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, परक्या मातीत हाडे झिजवली. ते ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण अधिकाराची गोष्ट निघाली की एक उत्तर ठरलेले असे : एतद्देशीय बंधू भाविक आहेत खरे, पण जबाबदारी पेलण्याइतके त्यांचे चारित्र्य अजून घडलेले नाही. गंमत अशी, की चारित्र्याची मोजपट्टी खुर्चीवर बसलेल्याच्याच हाती. साहेबाचा राग ही शिस्त. आपल्या माणसाचा राग हा स्वभावदोष!

ही दुखरी नस १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया यांनी नेमकी पकडली. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त करून त्यांनी मागितली ती बरोबरीची मैत्री. १९१२ मध्ये ते दोर्णकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्तभक्ती हवी, पण ती आपल्या मातीतली आणि स्वाभिमानाची, हा त्यांचा आग्रह होता.

गोरा साहेब गेला म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. रंगाची जागा जातीने घेतली. प्रभूच्या मेजावर सारे सारखे म्हणायचे आणि अधिकारपदाची वेळ आली की कूळ विचारायचे, हे देशात अनेक ठिकाणी घडले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले, तेव्हा कॅथलिक चर्चला पहिले दलित कार्डिनल मिळाले. चर्च ऑफ साऊथ इंडियात पहिली स्त्री-बिशप, ई. पुष्पा ललिता, यायला २०१३ उजाडावे लागले.

चारित्र्याचा आग्रह धरू नये, असे कोण म्हणेल? देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, पुढारी स्वच्छच हवा. मात्र फूटपट्टी सर्वांना एकच लावली पाहिजे, आणि ती धरणाऱ्यानेही स्वतःला मापून घेतले पाहिजे. ‘अजून तयार नाही’ हे वाक्य घरात सुनेला, कचेरीत कनिष्ठाला, गावात दलिताला आपण किती सहज ऐकवतो! जबाबदारी दिल्याशिवाय माणूस तयार होत नाही, एवढे यवतमाळच्या त्या शाळेपासून शिकलो, तरी पुष्कळ झाले.